कच्च्या रस्त्यावर तीनचाकी : पावसाळ्याआधी गाडीची तयारी कशी करावी?

पिरनवाडी : बेळगावहून निघालेला रस्ता पिरनवाडीत फुटतो. एक खानापूरकडे जातो, दुसरा जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे. या दोन्ही रस्त्यांना दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या गावच्या वाटा, शेताच्या पाणंदी आजही मातीच्या किंवा खडीच्या आहेत. निपाणी, चिकोडी, चंदगड भागातही डांबर सोडले की हीच तऱ्हा. रताळी, बटाटे, भाजीपाला, दुधाचे कॅन, खताच्या पिशव्या, शाळेची पोरे, बाजाराला निघालेली माणसे यांची बरीचशी ने-आण हँडलच्या तीनचाकीवर चालते. कुणी तिला आपे म्हणते, कुणी टेम्पो, कुणी नुसते रिक्षा.

ही गाडी कच्च्या रस्त्यावर घालायची म्हटले की बहुतेक जण आधी मजबुतीचा विचार करतात. मागे जादा पाटा, हौद्याला उंच जाळी, खाली लोखंडी पट्टी. पण तीनचाकी मोडली तर एक दिवसाचा धंदा बुडतो, उलटली तर माणूस जातो. म्हणून तयारी तोलापासून सुरू करायची आणि मजबुतीचे मागून बघायचे. काय काय तपासावे, काय करावे आणि काय अजिबात करू नये, हे एकत्र वाचायला मिळावे म्हणून ही माहिती.

मुळात ही मोटरसायकलच

इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४८ साली स्कूटरला मागे दोन चाके आणि हौदा जोडून 'आपे' काढली. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडे १९५८ पासून बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या तंत्रावर तीनचाकी मालगाडी बनवली आणि 'टेम्पो' हा शब्द मराठीत कायमचा बसला. हीच कंपनी पुढे २००५ साली फोर्स मोटर्स झाली. पियाजिओची आपे आता बारामतीत बनते. तिकडे सौराष्ट्रात कारागिरांनी मोटरसायकलच्या पुढच्या भागाला मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून 'छकडो' तयार केला.

या सगळ्यांची जात एक. पुढे एक चाक, हातात हँडल, मागे दोन चाके. वळण घ्यायची पद्धत मोटरसायकलची, पण मोटरसायकलसारखे आत झुकता मात्र येत नाही. झुकायला गेले की ती उलटतेच. हा फरक डोक्यात ठेवला तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतील.

चाकोऱ्या दोन, चाके तीन

बैलगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मातीत दोन चाकोऱ्या पाडतात. जीप, कार त्या दोन चाकोऱ्यांत चाके घालून जातात. तीनचाकीला तिसरी वाट लागते, कारण पुढचे चाक दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर येते. तिथे गवत असते, त्या गवतात दगड लपलेला असतो. शिवाय ट्रॉलीची चाकोरी अनेकदा तीनचाकीच्या मागच्या चाकांपेक्षा रुंद असते. मग एक मागचे चाक खड्ड्यात, दुसरे उंचवट्यावर, आणि गाडी तिरकी.

उपाय असे :

- चाकोरी उथळ असेल तर मागचे एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे रस्त्याच्या कडेला ठेवून जावे. पुढचे चाक चाकोरीत येते, पण गाडी सपाट राहते. कड ढासळती नाही ना, हे आधी बघावे.
- चाकोरी खोल असेल तर उतरून बघावे. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते घरी एकदा टेपने मोजून ठेवावे. चाकोरी त्यापेक्षा खोल दिसली तर गाडी पोटावर बसणार आणि चाके नुसती फिरणार.
- चाकोरीतून बाहेर यायला हँडल एकदम मारू नये. पुढचे चाक काठाला घासत राहते आणि अचानक उसळी घेते. उथळ जागा बघून, पहिल्या गिअरमध्ये, मोठ्या कोनात बाहेर यावे.

तोलाचे साधे गणित

चारचाकीचा आधार चौकोनी असतो, तीनचाकीचा त्रिकोणी. पुढच्या बाजूला त्रिकोणाचे टोक येते. म्हणजे वजन जितके पुढे जाईल, तितकी दोन्ही बाजूंना आधाराची रुंदी कमी.

समजायला सोपे म्हणून आकडे धरू. पुढचे चाक ते मागचा धुरा २ मीटर, मागच्या दोन चाकांमध्ये १२० सेंटिमीटर. सगळ्या वजनाचा मध्य बरोबर अर्ध्यावर असेल तर तिथे प्रत्येक बाजूला आधार फक्त ३० सेंटिमीटरचा. तोच मध्य मागच्या बाजूला दोन तृतीयांश अंतरावर नेला तर आधार ४० सेंटिमीटरचा होतो. पार धुऱ्यावर नेला तर ६०, पण मग पुढच्या चाकावर वजनच राहत नाही. चढाला हँडल हलके लागते, गाडी वळत नाही.

यावरून माल भरायचा नियम निघतो. जड माल खाली, मागच्या धुऱ्याच्या किंचित पुढे, दोन्ही बाजूंना सारखा. हलका माल वर. धुऱ्याच्या मागे, फाळक्याला टेकून जड पोती लावू नयेत. फाळका उघडा टाकून त्यावर माल लोंबता ठेवणे तर चढाच्या रस्त्यावर सरळ धोक्याचे.

दुधाचा धंदा करणाऱ्यांनी एक जादा गोष्ट बघावी. ४० लिटरच्या कॅनमधले दूधच जवळपास ४१ किलो भरते, वर कॅनचे वजन. चार कॅन अर्धे-अर्धे भरण्यापेक्षा दोन पूर्ण भरलेले बरे, कारण अर्ध्या कॅनमधले दूध वळणाला एका अंगाला धावते. कॅन दोरीने हौद्याला बांधलेच पाहिजेत.

माल किती घालायचा हे अंदाजाने ठरवू नये. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन दोन्ही लिहिलेले असते. एकातून दुसरे वजा करायचे, त्यातून चालकाचे वजन वजा करायचे, उरेल तो माल. समजा हिशेब ४६० किलो आला, तर ५० किलोची नऊ पोती, दहावे नाही. हा हिशेब डांबरी रस्त्याचा. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात तोच माल वरून आदळतो, म्हणून तिथे पूर्ण भार न घालता दोन खेपा केलेल्या परवडतात. एका जादा खेपेचे इंधन आणि एका टायरची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा.

सगळ्यात वाईट क्षण म्हणजे उतारावर वळण आणि वळणात ब्रेक. वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला एकाच वेळी जाते, आणि त्या पुढच्या कोपऱ्यात चाकच नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात फक्त गिअरवर गाडी सोडायची.

तांबडी माती आणि काळी माती

खानापूर, जांबोटी, चंदगड बाजूला जांभ्याची तांबडी माती. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, पावसात वरचा थर निसरडा आणि खाली कडक. सुटा मुरूम चाकाखाली गोट्यांसारखा पळतो. पाण्याचे ओहळ रस्ता आडवा कापतात. इथे गाडी रुतण्यापेक्षा घसरते.

निपाणी, चिकोडीच्या नदीकाठच्या पट्ट्यात काळी चिकण माती. ती चाकाला चिकटते, थरावर थर चढतो आणि पुढच्या मडगार्डच्या आत गच्च बसतो. हँडल जड झाले, पुढचे चाक फिरेना, तरी माणूस रेस वाढवत राहतो. इथे गाडी रुतते.

म्हणून तयारीही वेगळी. तांबड्या मातीत टायरची नक्षी आणि ब्रेक आधी बघावेत. काळ्या मातीत मडगार्ड आणि टायर यांमधली जागा बघावी, गाडीत एक खुरपे ठेवावे आणि थोड्या थोड्या अंतरावर माती काढावी. मडगार्डच काढून टाकणे हा उपाय नव्हे. मग तो सगळा चिखल दिव्यावर, इंजिनवर आणि चालकाच्या तोंडावर येतो.

टायर

प्रवासी रिक्षाला बहुधा ४.००-८ आणि मालवाहू गाडीला ४.५०-१० मापाचे टायर असतात. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. म्हणजे बाहेरून चाकाची उंची साधारण १६ आणि १९ इंच, म्हणजेच ४० आणि ४८ सेंटिमीटर. मोटरसायकलचे चाक याहून बरेच मोठे असते. जो खड्डा मोटरसायकल सहज ओलांडते, त्यात हे लहान चाक पार आत जाते. म्हणून 'दुचाकी गेली म्हणजे आपणही जाऊ' असा हिशेब करू नये.

हवा कंपनीच्या पट्टीवर किंवा पुस्तकात दिलेली, आणि टायर थंड असताना भरलेली. पुढच्या व मागच्या चाकाची हवा वेगळी असते. मागच्या दोन्ही चाकांत मात्र सारखीच हवी. एकात कमी असेल तर गाडी आधीच एका बाजूला कललेली असते. माल जास्त म्हणून हवा दगडासारखी कडक करणे चुकीचे. टायर उडतो, पकड जाते. भरलेल्या गाडीची हवा पकडीसाठी कमी करणेही चुकीचे. रिम ट्यूबला चिमटते आणि तिथेच पंक्चर.

झिजलेला टायर पुढे लावायची सवय मोडावी. एकटे पुढचे चाकच गाडी वळवते. त्याला दुसरा जोडीदार नाही. तिन्हीत चांगला टायर पुढे हवा, आणि स्टेपनीही चालती हवी.

ब्रेक, हँडल, बेअरिंग

ड्रम ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरले की पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक हलकासा दाबून तो सुकवावा, मगच वेग घ्यावा. पावसाळ्याआधी तिन्ही ड्रम उघडून माती झाडावी आणि लायनर बघावेत. मागची दोन्ही चाके सारखी धरतात का, हे मोकळ्या जागेत तपासावे. एक आधी धरत असेल तर निसरड्या उतारावर गाडी फिरते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ते नुसते वरून भरत न राहता पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत बदलावे.

घाट उतरताना न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे.

पुढचे चाक जॅकवर उचलून हँडल दोन्ही बाजूंना हळू फिरवावे. मध्ये अडकल्यासारखे वाटले तर वरखालची बेअरिंग गेली. चाक दोन हातांनी धरून आतबाहेर हलवावे. खडखड आली तर चाकाची बेअरिंग बघावी. पाण्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीचे ग्रीसिंग नेहमीपेक्षा लवकर करावे लागते.

स्प्रिंग आणि चासी

पुढे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असतो. मागे काही गाड्यांना स्प्रिंग, काहींना रबर. शॉकअब्सॉर्बर तेल गाळत असेल तर गाडी एका खड्ड्यात तीनदा उसळते, आणि उसळलेले चाक ना धरते ना वळते. तो बदलणे हा खर्च आधी करावा.

जादा पाटा टाकून मागची बाजू कडक केली की रिकामी गाडी चेंडूसारखी उडते. शिवाय जो धक्का स्प्रिंगने खायचा, तो चासी खाते. हौदा जिथे बसवलेला असतो तिथे, पुढच्या फोर्कच्या मुळाशी आणि शॉकअब्सॉर्बरच्या टेकूजवळ पत्र्याला बारीक चीर पडते. गाडी धुऊन, सुकवून, बॅटरीच्या उजेडात या तीन जागा महिन्यातून एकदा बघाव्यात. चीर असेल तर जाणत्या मेस्त्रीकडूनच वेल्डिंग करावे आणि त्याआधी बॅटरीची वायर सोडायला सांगावे, नाहीतर नव्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या शाफ्टच्या तोंडाशी रबरी बूट असतात. दगडाने ते फाटले की ग्रीस बाहेर आणि माती आत. बूट स्वस्त, आतला जॉइंट महाग.

धूळ, उष्णता, केबल

तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, मग गाडी ओढत नाही, धूर काढते. कच्च्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या आधीच उघडावा. कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेने झाडावा, पाण्याने धुऊ नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनच्या पाकळ्यांमध्ये चिखल सुकून बसला तर इंजिन तापते. रेडिएटरच्या गाडीत हेच काम रेडिएटरच्या जाळीचे.

क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर हे बहुतेक गाड्यांत हँडलवरून केबलने चालते. केबलचे तोंड विस्कटलेले दिसले की ती बदलावी. रानात तुटली तर मदतीला कोण येणार?

बॅटरीवरच्या तीनचाकी आता आपल्या भागातही दिसतात. त्यांना फिल्टर नाही, पण वायरच्या जोडण्या आणि मोटर खाली असते. जोडण्यांची रबरी टोपणे शाबूत हवीत, आणि प्रेशरच्या पाण्याने खालून धुणे टाळावे.

पाणी किती चालेल?

चाकाची उंची ४० ते ४८ सेंटिमीटर, म्हणजे धुरा जमिनीपासून २० ते २४ सेंटिमीटरवर. सोप्या भाषेत वीतभर. पाणी वीतभर झाले की बेअरिंग आणि ब्रेक पाण्यात. त्यापुढे जाऊ नये. वाहत्या पाण्याला तर वीतही खूप झाली, कारण ही गाडी हलकी आहे आणि वाहते पाणी तिला बाजूने ढकलते. वेदगंगा, दूधगंगेवरचे सखल पूल पुरात पाण्याखाली जातात. पूल दिसत नसेल तर गाडी मागे फिरवावी. पलीकडे कितीही जवळचे माणूस वाट बघत असले तरी.

रुतल्यावर रेस देऊन उपयोग नाही. एक चाक हवेत किंवा चिखलात फिरते आणि दुसरे जागच्या जागी राहते, कारण ताकद सोप्या चाकाकडे जाते. माल उतरवावा, फिरणाऱ्या चाकाखाली पोते, उसाचा पाला किंवा फळी घालावी, आणि पहिल्या गिअरमध्ये हळू काढावी. मागून ढकलणाऱ्यांनी चाकाच्या सरळ रेषेत उभे राहू नये.

मालाच्या गाडीत माणसे

लावणीच्या, भांगलणीच्या दिवसांत मालवाहू हौद्यात दहा-बारा बायका उभ्या राहून शेतावर जातात. सगळ्यांनाच माहीत आहे आणि सगळेच 'एवढ्याशा अंतराला काय होतंय' म्हणतात. तोलाचा हिशेब इथे पुन्हा लावा. पोती हौद्याच्या तळाशी बसतात, उभ्या माणसाचे वजन त्याच्या कमरेच्या उंचीवर असते. आणि वळणाला सगळ्या एकाच बाजूला धरतात. भरलेल्या पोत्यांपेक्षा हा भार जास्त उलटणारा.

विम्याचेही तसेच. मालवाहू गाडीतून जाणाऱ्या अशा प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. कायद्याने संरक्षण दिले आहे ते गाडीतल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. म्हणजे अपघात झाला तर मजूर बाईच्या घरी काही पोचेल याची खात्री नाही, आणि गाडीमालकाच्या घरावर दावा येऊ शकतो. मजुरांसाठी प्रवासी गाडी लावणे आणि ते भाडे शेताच्या खर्चात धरणे, हाच सरळ मार्ग.

बदल आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोटरसायकल कापून तिला घरच्या घरी तीनचाकी करणे याच सदरात येते. जादा भारासाठी कायद्यातला दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा आहे.

सीमाभागातल्या मालवाहू गाडीवाल्यांसाठी एक उपयोगी तरतूद. कलम ६६ प्रमाणे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. तीनचाकी मालगाडी यात बसते, मग पाटी केए-२२ असो, केए-२३ असो वा एमएच-०९. प्रवासी रिक्षाला हे लागू नाही. तिचे परमिट ज्या भागाचे, त्याच भागात ती चालवायची. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. विमा, फिटनेस आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू ठेवावे. डिजिलॉकरमधली कागदपत्रेही ग्राह्य धरली जातात.

गाडीत कायम असावे

- स्टेपनी, जॅक, पाना आणि जॅकखाली घालायला एक जाड फळी. चिखलात फळीशिवाय जॅकच खाली जातो.
- चाकाला लावायला लाकडी ठोकळे दोन.
- क्लच व ॲक्सिलरेटरच्या जादा केबल, बल्ब, फ्यूज, वायर, चिकटपट्टी.
- जाड दोरी, खुरपे, रिकामी पोती दोन, हवेचा पंप.
- बॅटरी, पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पेटी.
- मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी. चिखलाने ती झाकली जाते, म्हणून पुसायला फडके.

चाक काढून बसवले असेल तर पहिल्या खेपेनंतर त्याचे नट पुन्हा आवळावेत. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्याने ते सैल होतात.

या यादीतली बरीच कामे पैशाची नाहीत, वेळेची आहेत. हवा, नट, केबल, मडगार्ड बघायला सकाळची दहा मिनिटे पुरतात. ब्रेक, बेअरिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांसाठी गॅरेजला एक दिवस द्यावा लागेल. पेरणीची गडबड सुरू झाली की गॅरेजमध्येही रांग लागते, म्हणून तो दिवस रोहिण्यांच्या आतच काढलेला बरा.